आधी मोजू द्या

जुलैचा दुसरा आठवडा. धामणगाव रेल्वे इथल्या दत्तापुरातल्या एका घरी ओट्यावर जुना पेपर अंथरलेला आहे आणि आरओवाले भाऊ बाहेरच्या फिल्टरचा बाउल पान्यानं सैल करताहेत. आतली कँडल बाहेर आली. महिन्याभरापूर्वी बसवली तेव्हा ती दुधासारखी पांढरी होती. आता तिला शिवाराचा रंग आला आहे, ओल्या काळ्या मातीचा. घरातल्या वहिनींनी तोंडाला पदर लावला. "अगं माय! हे पीत होतो का आम्ही?"

"हे तुम्ही प्याले नाई, वहिनी. म्हणूनच तर ते इथं हाये," भाऊ म्हणाले.

नवी कँडल हातात होती, तरी त्यांनी ती लगेच बसवली नाही. दोन ग्लास मागितले. एकात टाकीचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं, खिशातलं टीडीएसचं पेन आधी एकात बुडवलं, मग दुसऱ्यात. टाकीचं ७२०, मशीनचं ५८. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख आणि हे दोन आकडे लिहिले. तिथं आधीचे नऊ-दहा आकडे एकाखाली एक होतेच. "मेम्ब्रेन चांगली हाये. फक्त कँडल बदलतो," एवढं बोलून त्यांनी बाउल धुवायला घेतला. त्या दिवशीचं काम शे-दीडशे रुपयांत आटोपलं.

धामणगावच्या नावापुढे 'रेल्वे' लागतं ते उगाच नाही. अमरावती जिल्ह्यातच आणखी एक धामणगाव आहे, गढीवालं. बुलढाण्यात बढे लावून तिसरं. हे धामणगाव मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर, चांदूर आणि पुलगावच्या मधलं. पूर्वेला वर्धा नदी, तिच्या पलीकडे वर्धा जिल्हा. दक्षिणेला जाणारा रस्ता यवतमाळचा. कापसाचं, तुरीचं आणि आता सोयाबीनचं गाव. भाऊंचा मूळ धंदा मोटार वाइंडिंगचा. उन्हाळ्यात कूलर, हंगामात शेतीपंप. पंधराएक वर्षांपूर्वी गावात घरोघरी आरओ यायला लागले. पंप जळाला, अडॉप्टर गेला की लोक यांच्याकडेच मशीन आणायचे. त्यातून हे काम हाताला लागलं.

सुरुवातीची वर्षं त्यांनी हे काम सगळे करतात तसंच केलं. सहा महिने झाले, किट बदला. वर्ष झालं, मेम्ब्रेन बदला. वहीत तारीख आली की फोन करायचा. यात लबाडी नव्हती, त्यांना तसंच शिकवलेलं होतं. पण बदललेला माल दुकानाच्या मागे साचत गेला आणि एका दिवाळीच्या आवराआवरीत त्यांनी तो कापून पाहिला. काही कँडल आतून अजून पांढऱ्या होत्या. काही मेम्ब्रेन मात्र उलगडल्या तर चुन्यानं कडक झालेल्या होत्या, म्हणजे त्या कधीच्याच मेल्या होत्या आणि घरची माणसं तारखेची वाट पाहत बसली होती. मशीन एकाच कंपनीचं, मुदत एकच. पण पाणी वेगळं. एका घरी नळाचं, दुसऱ्या घरी तीनशे फूट खोल बोअरचं, तिसऱ्या घरी दोन्ही मिसळून. तेव्हापासून "आधी मोजू द्या" हे त्यांच्या तोंडचं पहिलं वाक्य झालं.

घरच्या आरओतले फिल्टर एका ओळीत उभे असतात, पण त्यांची मरणं सारखी नसतात. हे भाऊ ज्या पद्धतीनं समजावतात ती पुस्तकापेक्षा सोपी आहे. बाहेरची कँडल म्हणजे दाट विणलेला दोरा. ती गाळ धरते आणि भरली की डोळ्यांना दिसते. तिला मापाची गरज नाही. पावसाळ्यात ती तीन-चार आठवड्यांत भरते, हिवाळ्यात तीन महिनेही टिकते. ती घरच्यांनी स्वतः बदलावी, हा भाऊंचा आग्रह. ज्या घरी ते पहिल्यांदा जातात तिथं पाना तिथंच ठेवून येतात. बाउलमधली रबरी रिंग जागेवर बसली आहे ना हे बोट फिरवून पाहायला शिकवतात, कारण निम्म्या घरांत कँडल बदलल्यावर पाणी गळतं ते या रिंगमुळे.

कार्बनचं तसं नाही. तो बाहेरून कधीच म्हातारा दिसत नाही. त्याचं मुख्य काम पाण्यातलं क्लोरीन शोषून घ्यायचं, आणि ते यासाठी की पुढची मेम्ब्रेन पॉलिअमाइडची असते. क्लोरीन तिला कुरतडतं. पावसाळ्याच्या तोंडाशी गावोगाव पाण्यात ब्लीचिंग पावडर जास्त पडते. तेव्हा थकलेला कार्बन हार मानतो आणि शे-दोनशेच्या वस्तूपायी दीड-दोन हजारांची मेम्ब्रेन जाते. कार्बन थकला हे ओळखायचं कसं? ही युक्ती भाऊंना मंगरूळ दस्तगीरच्या वाटेवरच्या एका खेड्यात सापडली. तिथं आरोग्यसेवक विहिरीच्या पाण्याची ओटी टेस्ट करत होते. नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. गावकऱ्यांना ते पिवळं हवं असतं. भाऊंच्या डोक्यात आलं, आपल्याला ते नको आहे. तेव्हापासून ते कार्बननंतरचा पाइप सोडवून तिथलं पाणी नळीत घेतात. पिवळी छटा दिसली की कार्बन संपला. तपासलेलं पाणी मोरीत ओततात, प्यायच्या भांड्याजवळ येऊ देत नाहीत.

आणि मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पापुद्रा. तिच्याबाबत लोकांचा अंदाज हटकून उलटा असतो. एका काकूंनी आनंदानं फोन केला होता: "भाऊ, पाणी आता लय भरभर येऊन रायलं. मशीन मस्त झाली." भाऊ सगळी कामं सोडून गेले. पेन दोन्हीकडे जवळजवळ सारखाच आकडा दाखवत होतं. क्लोरीननं पापुद्रा फाटला होता. पाणी भरभर येत होतं ते न गाळताच येत होतं. उलट जड पाण्याच्या घरी मेम्ब्रेनवर क्षार बसतात तेव्हा पाण्याची धार बारीक होते, पण गाळलेल्या पाण्याचा आकडा बराच काळ चांगलाच राहतो. म्हणजे एक मेम्ब्रेन मरताना जास्त पाणी देते, दुसरी कमी. धारेकडे पाहून काहीच ठरवता येत नाही. कच्च्या पाण्याच्या आकड्याच्या दहा-पंधरा टक्क्यांवर मशीनचा आकडा गेला की बदलायची, हा त्यांचा हिशेब. कधी कधी मात्र दोष मेम्ब्रेनचा नसतो. तिच्या टोकाची बारीक रिंग चिरलेली असते, आणि पाच रुपयांच्या त्या रिंगवर दोन हजार वाचतात.

हंगामही मशीनमध्ये शिरतो. डिसेंबर-जानेवारीत "टाकी भरतच नाई" अशा तक्रारी रोज येतात. मेम्ब्रेन बिघडलेली नसते, पाणी गार असतं. एका अंशामागे धार साधारण तीन टक्क्यांनी घटते. सकाळचं गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आणि मेच्या दुपारचं पाणी यांत किती अंशांचा फरक असतो, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. मेमध्ये उलटा धोका. घरगुती मेम्ब्रेनला बहुतेक ४५ अंशांची मर्यादा असते, आणि गच्चीवर उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पाणी हाताला सोसवत नाही इतकं तापतं. म्हणून उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच मशीन बंद ठेवा, पहाटे टाकी भरून घ्या, असं ते प्रत्येक घरी सांगतात. हा सल्ला फुकटचा आहे आणि त्यानं बऱ्याच मेम्ब्रेन वाचल्या आहेत.

या तंत्राचा उगमही अशाच एका पाण्यानं गांजलेल्या गावाशी जोडलेला आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोएब आणि भारतीय शास्त्रज्ञ श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास पहिली उपयोगी मेम्ब्रेन घडवली. १९६५ मध्ये कोलिंगा नावाच्या लहान गावात तिच्यावर पाणी गाळायला सुरुवात झाली. त्या गावचं भूजल इतकं खारं होतं की पिण्याचं पाणी पूर्वी रेल्वेनं यायचं. आपल्याकडे २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली, ते दिवस आठवले की कोलिंगा फार दूरचं वाटत नाही.

भाऊंच्या पंधरा वर्षांत दोन चुका अशा आहेत की त्या ते आपणहून सांगतात. पहिली रिजेक्ट पाण्याची. मालधक्क्याच्या बाजूच्या एका घरी आजोबांना वाया जाणारं पाणी बघवत नव्हतं. त्यांचं म्हणणं रास्तच होतं. साधं घरगुती मशीन एक लिटर पाणी देताना तीनएक लिटर सोडून देतं. दिवसाला पंधरा लिटर पिणाऱ्या घरात रोज पंचेचाळीस लिटर, वर्षाला सोळा हजारांवर. भाऊंनी मागच्या बाजूचा एफआर, म्हणजे सोडलेल्या पाण्याची धार आवळणारा फ्लो रिस्ट्रिक्टर, बदलून जास्त आवळणारा बसवला. वाया जाणारं पाणी खूपच कमी झालं. आजोबा खूश. चार महिन्यांत मेम्ब्रेन पांढरी पडून बंद.

कारण त्यांना नंतर कागदावर मांडल्यावर कळलं. कच्च्या पाण्याचा टीडीएस ११००. चारातले तीन भाग सोडून दिले की सोडलेल्या पाण्यात क्षार साधारण साडेचौदाशेपर्यंत चढतात. चारातला एकच भाग सोडला तर तेच क्षार त्या एका भागात कोंबले जातात आणि आकडा चव्वेचाळीसशेच्या आसपास जातो. एवढ्या दाट पाण्यातला चुना मेम्ब्रेनवर बसल्याशिवाय राहत नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २० मे २०१९ च्या आदेशात पाणी जास्तीत जास्त वाचवणारीच यंत्रं असावीत, आधी ६० टक्के आणि पुढे ७५ टक्के पाणी हाती यावं, असं म्हटलं. हेतू बरोबर आहे. पण बोअरच्या जड पाण्यावर, आधी ते मऊ करून घेतल्याशिवाय, घरच्या छोट्या मशीनला हे झेपणार नाही. वऱ्हाडात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. आता भाऊ एफआरला हात लावत नाहीत. रिजेक्टचा पाइप बादलीत सोडतात आणि ते पाणी फरशीला, संडासाला, अंगण धुवायला वापरा म्हणतात. कूलरमध्ये मात्र नको. कूलर पाणी उडवतो आणि क्षार मागे ठेवतो. एका महिन्यात जाळीतलं गवत दगडासारखं होतं आणि पंपही जाम होतो. कूलर दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकावं लागलं नाही.

दुसरी चूक जास्त खोल होती.

आरओचं पाणी फिक्कं लागतं, ही तक्रार सगळीकडे असते. त्यावर उपाय म्हणून मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, एक लहानसा स्क्रू. तो फिरवला की मेम्ब्रेनला वळसा घालून थोडं पाणी थेट पुढे जातं आणि गाळलेल्या पाण्यात मिसळतं. चव येते. ग्राहक खूश होतो. जुन्या धामणगावातल्या एका घरी बोअरचं पाणी ११०० होतं, गाळलेलं ८०. घरच्यांना ते आवडेना. भाऊंनी स्क्रू फिरवून २५० वर आणलं आणि विसरून गेले. पुढच्या वर्षी त्या घरची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली. तिच्या डॉक्टरांनी घरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यायला सांगितलं. बोअरच्या पाण्याचा अहवाल आला: नायट्रेट लिटरला १८० मिलिग्रॅम. भारतीय मानकाची, म्हणजे आयएस १०५०० ची मर्यादा ४५.

भाऊ त्या रात्री गणित करत बसले. ८० चं २५० करायला साधारण सहावा हिस्सा कच्चं पाणी मिसळलेलं होतं. त्या सहाव्या हिश्शातून ३० मिलिग्रॅम. उरलेलं पाणी मेम्ब्रेनमधून आलेलं, पण नायट्रेट मेम्ब्रेनला इतर क्षारांइतकं नीट अडवता येत नाही, त्यातून आणखी वीसेक. बेरीज पन्नासच्या वर. पेनावर २५० हा झकास आकडा दिसत होता, आणि तेच पाणी तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीत कालवलं जाणार होतं. नायट्रेटनं लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटते, बाळ निळसर पडतं. पाणी उकळूनही ते जात नाही. वाफ होऊन पाणी आटतं तसं उलट दाट होतं. यूव्हीच्या दिव्याचा त्याच्यावर काही परिणाम नाही. बाळ यायच्या आत भाऊंनी जाऊन तो स्क्रू पूर्ण बंद केला, मेम्ब्रेन नवी बसवली, पैसे घेतले नाहीत. मशीनचं पाणी पुन्हा तपासायला पाठवलं आणि अहवाल बरा येईपर्यंत त्या घरानं बाहेरून पाणी आणलं.

हे एका घरापुरतं असतं तर लिहायचं कारण नव्हतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटनं सर्वाधिक बाधित अशा देशातल्या पंधरा जिल्ह्यांची नावं आली. त्यांत अमरावती आहे, वर्धा आहे, यवतमाळ आहे, बुलढाणाही आहे. धामणगाव यांतल्या पहिल्या तीन जिल्ह्यांच्या सांध्यावर उभं आहे. शेतात पडणारा युरिया, गोठ्यांतलं शेणमूत, उघड्या नाल्या आणि शोषखड्डे यांतून नायट्रेट जमिनीत मुरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. टीडीएसचं पेन फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं. त्या क्षारांत मीठ किती, चुना किती आणि नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही. यवतमाळच्या केळापूर, झरी-जामणी भागात हीच गोष्ट फ्लोराइडची आहे. ज्या पेनावर भाऊंनी सगळा धंदा उभा केला, त्याची हद्द त्यांना त्या रात्री कळली. आता बोअरवर चालणाऱ्या प्रत्येक नव्या ग्राहकाला ते मशीन बसवायच्या आधी पाण्याची बाटली भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यायला लावतात. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायांना पाणी तपासायचं किट हाताळायला शिकवलं आहे. खेड्यातल्या माणसाला ते आधी त्यांच्याकडे पाठवतात.

याच तपासणीमुळे काही घरी ते मशीन विकायला नकार देतात. फक्त नळाचं पाणी, टीडीएस अडीचशे-तीनशे, अहवाल स्वच्छ, तर आरओ कशाला? मानकात ५०० पर्यंतचं पाणी चांगलं धरलं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. हरित लवादानंही त्या आदेशात ५०० च्या खाली आरओ नको असंच म्हटलं होतं. तिथं भाऊ साधं यूव्हीचं मशीन सुचवतात. शेजाऱ्याकडे आरओ आहे म्हणून ग्राहक हटून बसतो आणि दुसऱ्या दुकानात जातो. हे वर्षातून पाच-सहा वेळा होतं. भाऊंना त्याचं वाईट वाटतं, पण मत बदलत नाही.

त्यांची बहीण दर्यापूर तालुक्यात दिलेली आहे, आणि तिच्याकडे गेलं की हे सगळं शहाणपण तोकडं पडतं. तो खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला. तिथल्या हातपंपाच्या पाण्यात पेन बुडवलं की चार आकडी संख्या येते आणि तिचा पहिला आकडा बहुतेकदा एक नसतो. त्या पाण्यात तुरीचं वरण शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार घरोघरी ऐकू येते. शहानूर धरणाचं पाणी, तिकडे अकोट-तेल्हाऱ्याला वान धरणावरची ८४ खेडी योजना, हाच तिथला खरा आधार. घरगुती मशीन बहुधा २००० टीडीएसपर्यंतच चालावं असं घडवलेलं असतं. बहिणीच्या दिरानं तरी एक बसवलंच होतं. नळ आठवडाभर आला नाही तेव्हा हातपंपाचं पाणी त्यात ओतलं आणि मेम्ब्रेन एका उन्हाळ्यात संपली. भाऊंनी तिथं नवी बसवली नाही. नळाचं पाणी साठवायला मोठी झाकणाची टाकी आणि त्यावर यूव्ही, एवढंच करून दिलं. जिथं पाणी मुळात पोचवायला हवं, तिथं फिल्टर विकणं त्यांच्या मनाला पटत नाही. भाऊंचं हे म्हणणं बरोबरच आहे: खारपाणपट्ट्याचा प्रश्न धरणाच्या पाण्याचा आहे, भिंतीवरच्या डब्याचा नाही.

मे महिन्यात पुण्या-मुंबईला मुलांकडे गेलेली मंडळी जूनमध्ये परतली की फोन वाजायला लागतात: मशीनच्या पाण्याला वास येतो. बंद पडलेल्या टाकीत, कार्बनच्या पोटात, क्लोरीन नसलेलं पाणी महिनाभर उबलेलं असतं. जाताना टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवा, आल्यावर पहिल्या दोन टाक्या सोडून द्या, हे ते दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी निम्मे लोक विसरतात. टाकी आतून हातानं घासून धुतात तेव्हा ते गप्प असतात. तिथं बसलेला बुळबुळीत थर कुठल्याच पेनावर दिसत नाही.

त्यांच्या स्कूटरच्या डिकीत आता पाना, पेन, रिंगांची डबी, ओटीची बाटली आणि एक मार्कर असतो. तुमच्या घरीही फिल्टर बदलायला कुणी आला, तर बाउल उघडायच्या आधी त्याच्यापुढे दोन ग्लास ठेवा. दोन्ही आकडे तारखेसह कपाटाच्या दारावर लिहून घ्या. पाणी बोअरचं असेल तर कंट्रोलरचा स्क्रू किती उघडा आहे ते विचारा. आणि घरात तान्हं बाळ असेल, तर या आठवड्यातच पाण्याची एक बाटली प्रयोगशाळेत नेऊन द्या.